चतकोर, अर्धी, अख्खी

रजा मिळावी म्हणून मी माझ्या सासूला तीनदा मारली. पयल्यांदा जोतिबाच्या यात्रंला, दुसऱ्यांदा ऊसतोडीची टोळी रानात आली तवा, आणि तिसऱ्यांदा गारगोटीकडं कुस्तीचं मैदान हुतं तवा. पयली दोन मरणं गुमान खपली. टाइम ऑफिसमधला जुना माणूस नुसता "लई वाईट झालं" म्हणायचा आणि कागदावर टिक करायचा. एका माणसाला किती सासवा असत्यात ह्याची त्येनं कधी चौकशी केली न्हाय. तिसऱ्या मरणाच्या येळंला मात्र आमच्या कारखान्यात खडूसाहेब आलते.

मैदान बघून सांजच्याला घरी आलो तर दारात साहेबांची जुनी स्कूटर. आत सासू लसूण सोलत बसलेली, आणि तिच्या म्होरं पाटावर साहेब. तेबी लसूण सोलत हुते. बाजूला फडक्यात बांधलेला डबा.

"या पावणं," माझ्याच घरात साहेब मला म्हणाले. "बसा."

सासू म्हणाली, "जावईबापू, आपल्यात कोण गेलंय म्हणं? हे कडू घास घेऊन आल्यात. नाव इचारलं तर सांगंनात."

मयताच्या घरात चूल पेटत न्हाय म्हणून शेजारीपाजारी जे जेवण देत्यात, ते घेऊन साहेब आलते. माझ्या शर्टावर कुस्तीच्या मैदानातली तांबडी माती, आणि खिशात भडंगाची पुडी. मी म्हणालो, "लांबचं कोणतर गेलंय."

"लांबचं न्हाय, जवळचंच," साहेब म्हणाले. "पर आता बरं दिसतंय त्यास्नी."

सासूनं फडकं सोडलं. पिठलं-भाकरी हुती. तिला काय दम निघंना. निम्मी भाकरी खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाली, "पिठल्यात मीठ बेतानं पडलंय. कुणी केलंय?"

"मीच केलंय की," साहेब म्हणाले.

सोताचा कडू घास सोता खाणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात आमचीच असंल. साहेबांनी उरलेला लसूण सोलला, हात धुतले आणि गेले. रातभर मला वाटलं, उद्या मेमो. दुसऱ्या दिवशी गेलो तर मेमो न्हाय. दाराजवळ एक मोठा काळा फळा लावल्याला, त्येच्यावर वर्साचे बारा महिने आखल्यालं. साहेब म्हणाले, "कुणाला कवा रजा पायजे ते इथं आधीच मांडायचं. यात्रा, ऊस, मैदान, सोयरीक, काय बी चालंल. त्या दिवशी तुमच्या जागंवर कोण उभा राहील ते मी बघतो. फकस्त माणूस मारायचा न्हाय."

सहीपलीकडं मला लिवता येत न्हाय. शाळंत दोन वरसं गेलतो, पर तिथं मला कुणी नेलं, आणि मी कशाला गेलतो, हे अजून कळल्यालं न्हाय. तवा मी फळ्यावर जोतिबाचा घोडा काढला, उसाचं कांडं काढलं, आणि दोन माणसं झोंबाझोंबी करताना काढली. बघून बघून बाकीच्यांनीबी चित्रंच काढली. त्या वरसापासनं आमच्या कारखान्यात मरणं लई कमी झाली.

आता हे सगळं मी बोलतोय आणि माझी सून मोबाइलवर लिवून घेतीया. मधीच हसती, मग मला परत सांगाय लागतंय. तर थोडं मागं-म्होरं हुईल.

आमचा कारखाना एमआयडीसीत, फौंड्रीच्या वळीत. पंपाच्या बॉड्या करतोय. ओतीव माल येतो, लेथवर त्येचं तोंड साफ करायचं, ड्रिलवर भोकं पाडायची, आटे पाडायचे, त्येला टॅपिंग म्हणत्यात, तपासायचं आणि पेटीत भरायचं. सहा माणसं त्या कामाला. ड्रिलवर मी, बावीस वरसं. दुसरं कुठलंच मशीन मला येत न्हाय. मी म्हणायचो, लग्न एकाच बाईशी केलंय आणि नोकरी एकाच मशीनवर, दोघीबी माझ्यावर खूश न्हाईत.

धाकटे मालक पुण्याला शिकून आले आणि म्हणाले, आता जपानी पद्धतीनं काम करायचं. त्येला लीन म्हणत्यात म्हणं. कमी जागा, कमी माल, कमी हेलपाटं. आमच्या दस्तगीरभाईनं, म्हंजे लेथवरल्या आमच्या सगळ्यात हुशार माणसानं, लगीच इचारलं, "आणि कमी माणसं?" आठ दिवसांनी खडूसाहेब आले. माणसांचं बघायला म्हणून.

त्यांचं खरं नाव मी सांगत न्हाय. ते असतील तिथं त्यास्नी आवडायचं न्हाय. गारगोटीकडलेच, पन्नाशीच्या म्होरले, बारीक, चष्म्याला दोरी, आणि पँटीच्या खिशाजवळ कायम पांढरा डाग. खिशात खडू असायचा. पयल्या दिवशी आले ते थेट मशीनशॉपमधी, मधोमध खडूनं एक वर्तुळ काढलं आणि त्येच्यात उभं राहिले. दोन तास. ना बोलनं, ना हलनं. नुसतं बघत्यात.

आमच्यात येगयेगळं बोलनं सुरू झालं. कोण म्हणालं करणी हाय. कोण म्हणालं दिष्ट काढाय आलाय. मी चहाच्या सुट्टीत टपरीवरनं लिंबू आणि दोन मिरच्या आणल्या आणि साहेब पाणी प्यायला गेल्यावर त्या वर्तुळात ठेवल्या. साहेब परत आले, खाली बघितलं, वाकून उचलल्या. जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी येऊन बसले, मिरच्या तोंडी लावल्या, लिंबू माझ्या आमटीत पिळलं आणि म्हणाले, "पावणं, तुमी दोन तासात चौदाशे पावलं टाकली. मशीन तुमचं, माल तुमचा, मग चालताय कुणासाठी?"

मला वाटायचं मी लई काम करतोय. खरं तर मी नुसता फिरत हुतो. लेथपासनं माल आणायचा, पाना आणायला खिडकीपाशी जायाचं, पाना कुणीतर नेल्याला असायचा, त्येला शोधायचं, तो सापडला की दोन गोष्टी हुयाच्या. साहेबांनी एका आठवड्यात लेथ आणि ड्रिल जवळ आणली. पाना माझ्या डोक्यावर दोरीला टांगला. बावीस वरसं ज्या पान्यासाठी चाललो, तो आता माझ्या कपाळाला लागाय लागला. माझ्या गप्पा मारायच्या सगळ्या वाटा बंद.

त्यास्नी ऑफिसात खुर्ची हुती. तिसऱ्या दिवशी ती बाहेर काढली आणि तपासणीवरल्या सुरेखावहिनींना दिली. त्या बारा वरसं उभं राहून गेज लावून भोकाचं माप बघायच्या, पाय सुजायचे. मालकांनी साहेबांना इचारलं, "तुमी कुठं बसणार?" साहेब पालथ्या बादलीवर बसले. मग कायम बादलीच. मोठे पावणं आले तरी बादली. एकदा बँकेचा साहेब आलता, त्येला दुसरी बादली दिली.

जेवायला रोज एका माणसाच्या शेजारी. आज भाई, उद्या टॅपिंगवरला, परवा मी. सगळ्यांच्या डब्यातलं एक एक घास. पयल्यांदा आमाला वाटलं फुकट्या हाय. मग ध्यानात आलं, ते रोज इचारत्यात, घरी कोण आजारी हाय, कोण कुठनं येतंय, कुणाला बस किती वाजता. आमी तोंडात घास असताना लई खरं बोलतो.

आणि त्यांचा तो एक सबूद. "कशापायी?" पाच वेळा इचारायचे. मोजून पाच. एकदा मी सलग तीन दिवस उशिरा आलो. मला बादलीजवळ बोलावलं.

"उशीर कशापायी, पावणं?"

"बस चुकली."

"कशापायी?"

"म्हस पिळायला उशीर झाला. बायको रागावलीती, मला पिळाय लागली."

"बायको कशापायी रागावली?"

"म्हशीनं शेजारणीची वैरण खाल्ली. शेजारीण भांडली. भांडाण बायकोच्या वाट्याला आलं."

"वैरण कशापायी खाल्ली?"

"हाताशी हुती म्हणून खाल्ली. जनावर हाय ते."

"हाताशी कशापायी हुती?"

मी डोकं खाजवलं. "दावं लांब हाय, साहेब. मीच बांधलंय. आखूड करायचं म्हणतोय कवापासनं."

साहेब उठले, स्टोअरमधनं कात्री आणली आणि म्हणाले, "ही घेऊन जावा." घरी जाऊन मी म्हशीचं दावं कापलं. तवापासनं मला उशीर झाला न्हाय. कारण सांगाय काय राहिलंच न्हाय. बायको अजून म्हणती, लग्नाला एवढी वरसं झाली, पयल्यांदाच कुणीतर माझ्या भांडणाचं मूळ शोधलं.

आता शिल्लकीची गोष्ट सांगतो, कारण तिच्यातच माझी लाज हाय.

आमच्यात जुनी रीत हुती. ज्या दिवशी मशीन चांगलं चालतंय, त्या दिवशी दहा-पंधरा नग जास्त काढायचे आणि लपवून ठेवायचे. मशीन बंद पडलं, डोकं दुखलं, मॅच असली, की त्यातलं काढून दाखवायचं. आकडा बरोबर. त्येला आमी शिल्लक म्हणायचो. सगळ्यांची असायची. भाईची लेथच्या मागं, टॅपिंगवरल्याची कपाटात, माझी कूलंटच्या, म्हंजे मशीन गार ठेवायच्या पाण्याच्या, पिंपामागं पोत्याखाली. बायकोला दागिन्यांच्या डब्याचा जेवढा आधार, तेवढा मला त्या पोत्याचा.

साहेबांनी एक दिवस सगळ्यांना उभं केलं. म्हणाले, "आता एक नग झाला की लगीच म्होरल्याच्या हातात. मधी ढीग न्हाय, पोतं न्हाय. ज्येची जी शिल्लक हाय ती बाहेर काढा. कुणाला शिव्या न्हाईत. मला कळतंय, ती तुमी भ्यानं ठेवलीया."

भाई म्हणाला, "साहेब, लपवायचं काय राहिलं न्हाय म्हंजे काम कमी माणसांत हुणार. मग एक जण घरी."

साहेबांनी खिशातला खडू काढला, हातात फिरवला. म्हणाले, "ह्या सुधारणेपायी कुणाची नोकरी जाणार न्हाय. आणि जायाचीच म्हटली, तर पयली माझी."

आमी ऐकलं आणि चहाला गेलो. असं बोलणारी माणसं आमी लई बघितल्याली.

सगळ्यांनी माल काढला. मीबी काढला. निम्मा. चाळीसातले वीस. बाकीचे वीस पोत्याखालीच. मी म्हणालो, असू द्या, आपलं वय झालंय.

तेवढ्यात तो तक्ता लागला.

भिंतीवर एक मोठा कागद. डावीकडं नावं, वर मशीनं, आणि मधी गोल गोल. प्रत्येक गोलाचे चार भाग. ज्येला काम जेमतेम येतंय त्येला एक भाग काळा. बऱ्यापैकी येतंय त्येला दोन. एकट्यानं येतंय त्येला तीन. दुसऱ्याला शिकवता येतंय, त्येला अख्खा गोल. भाईनं बघितलं आणि म्हणाला, "ह्यो तर भाकरीचा तक्ता हाय. चतकोर, अर्धी, पाऊण, अख्खी." झालं. त्या दिवसापासनं सगळे तेच म्हणाय लागले. "तुझी टॅपिंगवर किती?" "अर्धी." "मग उपाशीच की."

आता माझी गोम इथं हाय. तक्ता इंग्रजीत हुता. पुण्याचं गिऱ्हाईक बघायला येणार, म्हणून धाकट्या मालकांनी कॉम्प्युटरवर काढून आणलाता. मला मराठीतलं माझं नाव ओळखू येतंय, ते बी मीच लिवलं असंल तर. इंग्रजीत सगळे मुंगळे. पर सांगणार कुणाला? बावीस वरसं मी कुठलाबी कागद आला की लांब धरून, मान हलवून, "बरोबर हाय" म्हणतोय.

मी तक्त्याम्होरं उभा राहिलो आणि सगळ्यात खालची वळ बघितली. सगळे गोल पांढरे. एक बी चतकोर न्हाय. भाई शेजारी हुता. मी हसत हसत म्हणालो, "खालचा मीच असणार." भाईबी हसत म्हणाला, "आणि कोण असणार की, तुझ्याइतका रिकामा." चेष्टा केली त्येनं. मला आयुष्यात सगळ्या चेष्टा कळल्या, तेवढी एक कळली न्हाय. हजेरीत मी शेवटला, वर्गात मी शेवटला, पंगतीत वाढपी माझ्याजवळ येईस्तोवर जिलेबी संपल्याली. मला काय संशयच आला न्हाय. माझी वळ म्हणजे ती रिकामी वळ.

आणि त्याच आठवड्यात समजलं, धाकट्या मालकांनी साहेबांकडं एक नाव मागितलंय. सहाच्या जागी पाच माणसांत काम बसतंय, एक कमी करा. गिऱ्हाईक बघून गेलं की नाव द्या.

घरी म्हस हाय, रान हाय, पर रान पावणेदोन एकर आणि तेबी भावात. पोराचं नुकतं लगीन झाल्यालं, हीच ती सून, लिवती ती. मी घरात काय बोललो न्हाय. फकस्त जेवायचं कमी झालं. सासू म्हणाली, "जावईबापूंना कुणीतर करणी केलीया." मी म्हणालो, "केलीया. भिंतीवर लावलीया."

गिऱ्हाईक आलं त्या दिवशी. पुण्याचे तिघं, निळे शर्ट, सोबत धाकटे मालक. साहेब त्यांच्या वर्तुळात. काम सुरू झालं. भाईकडनं नग माझ्याकडं, माझ्याकडनं म्होरं, एक एक. मला वाटलं, आज असं काम दाखवायचं की त्या रिकाम्या वळीत माझं नाव कुणाला ठेवू वाटणार न्हाय. मग मी काय केलं, भाईचा नग घ्यायचा, मशीनच्या आड खाली ठेवायचा, आणि पोत्याखालचा तयार नग म्होरं सरकवायचा. भोकं पाडायचीच न्हाईत. हात नुसता वाऱ्यासारखा. धाकटे मालक माझ्याकडं बोट करून पावण्यांना काय तर सांगाय लागले. निळ्या शर्टवाला घड्याळ बघतोय. मी कपाळाचा घाम पुसतोय. घाम खरा हुता, काम खोटं.

पाच नग गेले. दर सहाव्या नगाला गेज लावायची रीत, तो सुरेखावहिनींच्या हातात गेला. त्यांनी गेजची पिन भोकात घातली. जाईना. फिरवून बघितली. जाईना. मागचे पाच बघितले. एक बी जाईना.

दोन महिन्यांमागं गिऱ्हाइकानं भोकाचं माप बदललंतं. नवीन भोक थोडं मोठं. माझी शिल्लक जुन्या मापाची. मला म्हाईत हुतं, पर भ्यानं डोक्यातनं गेलतं.

वहिनींच्या जवळ एक लाल बत्तीचं बटण हुतं. साहेबांनीच लावल्यालं. वाईट नग दिसला की दाबायचं, सगळं काम थांबवायचं, आणि दाबणाऱ्याला कुणी काय म्हणायचं न्हाय. लावल्यापासनं कुणी दाबलं नव्हतं. कोण दाबतंय, मालक बघत असताना. वहिनींनी एकदा धाकट्या मालकांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि बटण दाबलं.

सगळी मशीनं थांबली. बावीस वरसांत त्या शॉपमधी पंख्याचा आवाज मी पयल्यांदा ऐकला.

धाकट्या मालकांचं तोंड पांढरं पडलं. "कोण हाय ड्रिलवर?" म्हणाले. अवघं कोल्हापूर सांगू शकलं असतं कोण हाय ते.

साहेब वर्तुळातनं बाहेर आले. माझ्याजवळ आले. तोच नग हातात.

"पावणं, हा नग जुना हाय. म्होरं कशापायी दिला?"

सगळे बघत्यात. मी म्हणालो, "हात चालतोय असं दिसावं म्हणून."

"ते कशापायी?"

"नाव द्यायचं हाय ना तुमाला एक. माझं देऊ नये म्हणून."

"तुमचंच देणार असं कशापायी वाटलं?"

"तक्त्यात माझी वळ रिकामी हाय, साहेब. सगळ्यात खालची."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "ती वळ तुमची हाय असं कशापायी वाटलं?"

मी भाईकडं बघितलं. भाई जमिनीकडं बघत हुता. माझा तवा जीव गेला असता तर सासूचा हिशेब तर चुकता झाला असता.

"मला वाचता येत न्हाय," मी म्हणालो.

चारच वेळा इचारलंतं त्येनी. पाचवा "कशापायी" आला न्हाय. त्येनी माझा हात धरला, तेल लागल्याला, आणि सगळ्यांच्या म्होरनं भिंतीपाशी नेला. तक्त्यावर बोट ठेवलं. मधल्या एका वळीवर.

"ही तुमची."

ड्रिलच्या खाली गोल हुता. पुरा काळा. अख्खी भाकरी. अख्ख्या तक्त्यात अख्ख्या दोनच हुत्या, एक भाईची आणि एक माझी. दुसऱ्याला शिकवू शकतो असा माणूस. मला कुणी दुसऱ्याला चहा कसा करायचा ते सुदीक शिकवाय सांगितलं नव्हतं.

"आणि ती खालची?" मी इचारलं.

"माझी," साहेब म्हणाले. "मला ह्यातलं एक बी मशीन येत न्हाय."

मग त्या पुण्याच्या पावण्यांकडं वळले. म्हणाले, "चूक सापडली. तक्ता ज्येंच्यासाठी केला, त्यास्नीच वाचता येत न्हाय. चूक लावणाऱ्याची हाय, म्हंजे माझी." आणि तक्ता भिंतीवरनं काढला, गुंडाळला, काखेत धरला.

मला वाटलं गिऱ्हाईक गेलं. पर त्या निळ्या शर्टवाल्यानं वहिनींना इचारलं, "मालक समोर असताना बटण दाबलंत. भीती वाटली न्हाय?" वहिनी म्हणाल्या, "वाटली की. पर खुर्ची दिलीया त्यांनी." तो माणूस हसला, आणि म्हणाला, आमच्याकडं बटण हाय, दाबणारं कोण न्हाय. ऑर्डर राहिली. माझे वीस नग भंगारात गेले. मीच उचलून टाकले, एक एक. पोतंबी टाकलं.

पर धाकट्या मालकांचं नाव मागणं काय गेलं न्हाय. सोमवारी सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी आमी सगळे उभं राहून पाच मिनिटं बोलायचो, तिथंच ते आले. म्हणाले, "साहेब, ते नाव?"

साहेबांनी नवीन तक्ता आणलाता. मराठीत, हातानं लिवल्याला. प्रत्येकाच्या नावाजवळ चित्र. भाईच्या जवळ लेथ, वहिनींच्या जवळ खुर्ची, माझ्या जवळ म्हस. आणि खाली ती रिकामी वळ, तशीच.

"पाच जण लायनीवर," साहेब म्हणाले. "सहावा रोज बदलणार. रजेच्या फळ्यावर ज्येचं चित्र असंल त्येच्या जागी उभा राहणार, न्हायतर दुसरं मशीन शिकणार. वरसभर कुणाची ना कुणाची यात्रा असतीयाच. सहावा माणूस रिकामा बसायचा न्हाय. आणि तरीबी एक नाव पायजेच असलं, तर तक्ता बघा. ज्येला काय येत न्हाय, तो आधी."

"साहेब, चेष्टा करताय," धाकटे मालक म्हणाले.

"शिल्लक काढाय लावली त्याच दिवशी बोललोय मी ह्यास्नी. ऐकलंय सगळ्यांनी."

ऐकलंतं. आणि चहाला गेलतो. भाईनं माझ्याकडं बघितलं, मी बुटाकडं. थोरल्या मालकांनी मागनं लई समजावलं म्हणं. धाकटेबी नंतर दोनदा बादलीजवळ येऊन बसले. पर साहेब म्हणाले, इथलं माझं काम झालंय, आता नुसतं बसायला बादली अडवू कशाला.

एक महिना राहिले. जायाच्या आठवड्यात मला म्हणाले, "पावणं, अख्खी भाकरी हाय तुमची. मला शिकवा की."

मी त्यांच्याच खिशातला खडू घेतला, जमिनीवर वर्तुळ काढलं आणि त्यात उभा राहिलो. ते ड्रिलवर. चार दिवस शिकवलं. बॉडी जिगच्या साच्यात बसवायची, हलू नये म्हणून क्लँप आवळायचा, मग भोक. साहेब क्लँप ढिला ठेवायचे. शेवटच्या दिवशी एकट्यानं एक बॉडी केली. भोक तिरपं गेलं. मी जवळ जाऊन बघितलं.

"वाकडं कशापायी गेलं, पावणं?" मी इचारलं.

"क्लँप ढिला राहिला."

"कशापायी?"

"तुमी बघताय म्हणून घाई केली."

म्होरं मला इचारता येईना. मी तक्त्याजवळ गेलो आणि त्यांच्या वळीत, ड्रिलच्या खाली, एक चतकोर काळं केलं. साहेब म्हणाले, "अर्धी तर द्या." मी म्हणालो, "भोक वाकडं हाय साहेब. अर्धी कशी देऊ." लई हसले. मी त्यास्नी कधी एवढं हसताना बघितलं नव्हतं. मग स्कूटरला किक मारली आणि गेले. आता तिकडं गारगोटीच्या अंगाला काजूच्या कारखान्यात हाईत असं ऐकतोय. काजू फोडणाऱ्या बायकांच्या मधी वर्तुळ काढून उभं असतील, आणि त्यांनी त्यात काय ठेवलं असंल देवाला ठाऊक.

तक्ता अजून हाय. माझ्या नावापुढं आता टॅपिंगवर अर्धी हाय, लेथवर चतकोर. ते चतकोर भाईनं दयेनं दिलंय. मला दोन नावं वाचता येत्यात, एक माझं आणि एक त्या खालच्या वळीतलं. नवीन आल्याली माणसं इचारत्यात, "ह्यो शेवटचा कोण? कधी कामावर दिसत न्हाय." मी सांगतो, रजेवर हाईत.

आणि एक गोष्ट कुणाला सांगितल्याली न्हाय, आता सुनंला सांगाय लागतीया. ती वाकड्या भोकाची बॉडी मी भंगारात टाकली न्हाय. पिंपामागं, नव्या पोत्याखाली हाय. एकच नग हाय, जास्त न्हाय. कधी साहेब आले आणि त्येनी पोतं उचललं, तर इचारतील, कशापायी. इचारू देत. ह्या खेपंला पाचीच्या पाची वेळा इचारू देत.